पन्नासच्या पुढची उचकी

वैद्याकडे गेलेला माणूस निदान आपल्या तोंडानं सांगतो, इथं दुखतं, तिथं चमक मारते. मोटारीच्या वतीनं मात्र दुसरेच बोलतात. मालक म्हणतो, ड्रायव्हरनं बिघडवली. ड्रायव्हर म्हणतो, आधीच बिघडलेली होती. क्लीनर काहीच म्हणत नाही, कारण बहुधा त्यानंच बिघडवलेली असते. या सगळ्यांच्या जबान्या ऐकायच्या, कोपरापर्यंत काळं व्हायचं आणि शेवटी आपल्याला पहिल्यापासून माहीतच होतं असा चेहरा करायचा, याला आमच्यात मिस्त्रीपणा म्हणतात. सांगलीत मी तो जन्मभर केला. बऱ्याच गाड्या नीट झाल्या. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कारण नीट झालेली गाडी निघून जाते. नीट न झालेली परत परत दारात येते आणि कायमची लक्षात राहते.

एका वकिलांच्या गाडीतला खडखडाट शोधायला मी आख्खा गिअरबॉक्स उतरवला होता. आवाज मागच्या सीटखालच्या रिकाम्या किटलीचा निघाला. युद्धाच्या दिवसांत पेट्रोल रेशनवर होतं आणि सर्व्हिस मोटारी, म्हणजे भाड्याच्या प्रवासी गाड्या, कोळशाच्या गॅसवर चालायच्या. तसल्या एका मोटारीची भट्टी मी अशी काही दुरुस्त केली, की मोटार चालू व्हायच्या आधी माझ्या मिशा गेल्या. हे किस्से मी कुणालाही हसत सांगतो. आज सांगणार आहे तो किस्साही हसतच सुरू करतो, पण मधेच कुठंतरी माझं हसू राहून जातं. कुठं, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

लढाई संपून थोडेच दिवस झाले होते. पेट्रोलची कुपनं अजून चालूच होती. माधवनगरच्या एका कापड गिरणीत भागी असलेले अण्णासाहेब माझं जुनं गिऱ्हाईक. जैन घराणं, नदीकाठची शेती, सांगलीत हळदीची अडत. माणूस मितभाषी, पान नाही, विडी नाही. व्यसन एकच, वेग. मुंबईला शिकताना त्यांनी मोटारींच्या शर्यती पाहिल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यातलं ते वारं कधी गेलं नाही. त्यांच्याकडे उघड्या टपाची, आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी होती. तिला वाढवायचं त्यांनी ठरवलं, आणि ते काम माझ्याकडे आणि त्यांच्या ड्रायव्हरकडे आलं.

ड्रायव्हर म्हणजे ज्ञानू हवालदार. गाव उंब्रज. पलटणीत मोटारींच्या खात्यात होता. आफ्रिकेच्या वाळूत आणि इटलीच्या चिखलात लष्करी ट्रक हाकून आलेला. घरी आल्यावर त्यानं नांगर धरला नाही, स्टीअरिंग धरलं. गड्याचा हात इतका हलका, की मागं बसलेल्याला गिअर बदललेला कळायचा नाही.

गाडी वाढवणं म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. इंजिनाचं वरचं झाकण केसभर घासून घ्यायचं, म्हणजे आतली पेट्रोल-हवा जास्त दाबली जाते आणि पेटली की जास्त जोरानं ढकलते. पेट्रोल आणि हवा कालवायचं जे भांडं असतं, कार्बुरेटर, ते एकाऐवजी दोन बसवायचे. लष्करानं मोडीत काढलेल्या सामानात ते आम्हाला मिळाले होते. सायलेन्सरच्या पोटातलं सगळं काढून टाकायचं. एवढं झालं आणि अण्णासाहेब येतायत हे माधवनगरला गिरणीच्या भोंग्याआधी कळायला लागलं. गाडी साठाच्या वर जायची. त्या काळात आमच्या रस्त्यांवर साठ मैल म्हणजे काय, हे ज्यांच्या कोंबड्या रस्त्यावर चरायच्या त्यांना विचारा.

याच सुमारास साताऱ्याच्या बाजारात कुणीतरी गाडीच्या टाकीतलं पेट्रोल नळी घालून ओढून नेलं, आणि जाताना टाकीचं टोपणही नेलं. विलायती टोपण कुठं मिळणार? चार दिवस चिंधीचा बोळा कोंबला. पण रेशनचं पेट्रोल उन्हानं उडून जायला लागलं आणि माझी कल्पकता जागी झाली.

आमच्याकडे प्रवासाला फिरकीचा तांब्या न्यायची पद्धत होती. पितळेचा तांब्या, आणि त्याचं झाकण आट्यांवर फिरवून घट्ट बसवायचं. मी टाकी उतरवली, पाण्यानं भरली, म्हणजे कथलाचा डाग देताना भडका उडायला नको, आणि सांगलीतल्या एका तांबटाकडे नेली. त्यानं टाकीच्या तोंडाला आट्यांचं पितळी कडं बसवलं आणि त्यावर तांब्यासारखं फिरकीचं टोपण केलं. मग ती पाण्यानं भरलेली टाकी माझ्या धुतलेल्या सदऱ्यावर उपडी धरून तो म्हणाला, "थेंब पडला तर सांगा."

पडला नाही.

"पाण्याचं सोडा मिस्त्री. हवासुदिक जायाची न्हाई."

मी त्याची पाठ थोपटली. येईल त्या गिऱ्हाइकाला ते टोपण मी स्वतः फिरवून दाखवत होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अण्णासाहेब आपल्या आईला घेऊन साताऱ्याला निघाले. या म्हाताऱ्या बाईंना घरात सगळे अव्वा म्हणत. हवालदार चालवत होता. कऱ्हाड मागं पडलं, उंब्रज यायचं होतं. पुढं गुळाच्या ढेपा भरलेला एक ट्रक संथ चालला होता. हवालदारानं समोरचा रस्ता बघितला, लांबवर एक सर्व्हिस मोटार येत होती, पण या गाडीला ते अंतर म्हणजे काहीच नव्हतं. त्यानं गाडी बाहेर काढली, दाबली, ट्रकच्या बरोबरीला आला, आणि इंजिनानं उचकी दिली. एक, दोन, आणि जीव गेल्यासारखं गप्प. पुढं जाता येईना, मागं पडायला वेळ नाही, समोर सर्व्हिस मोटार. हवालदारानं स्टीअरिंग उजवीकडे तोडलं, गाडी बांधावरून खाली उतरली आणि उसात जाऊन थांबली.

माणसं वाचली. अव्वांचा हात मनगटात मोडला. टाकी फुटली की काय म्हणून कुणीतरी टोपण उघडून बघितलं, टाकी शाबूत होती. लोकांनी गाडी ढकलून वर काढली, हवालदारानं चावी फिरवली, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. तिथून साताऱ्यापर्यंत हूं की चूं केलं नाही.

तिथंच हवालदाराचा घात झाला. अण्णासाहेबांना दिसलं ते एवढंच, की ड्रायव्हरनं नको तिथं गाडी काढली, आईला उसात घातलं आणि आता धडधडीत चालणाऱ्या इंजिनाच्या नावानं बिल फाडतोय.

दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या गॅरेजात आली. अण्णासाहेब खुर्चीवर, हवालदार दाराशी उभा.

"मिस्त्री," अण्णासाहेब म्हणाले, "हा म्हणतो इंजिन बंद पडलं. तुम्ही बघा आणि काय ते सांगा. तुम्ही म्हणाल ते शेवटचं."

मी कामाला लागलो. सगळ्यात आधी, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे, टाकीचं टोपण उघडून आत काठी बुडवली. रेशनच्या काळात गाडी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली की आधी काठी घालून पेट्रोल मोजायचं, सर्वांदेखत, म्हणजे नंतर कुणी कुणाला चोर म्हणायला नको. टोपण सैल होताना बारीक फुस्स असा आवाज आला. मी अण्णासाहेबांना म्हटलं, "ऐकलंत? काय घट्ट बसवलंय बघा तांबटानं."

मग इंजिन सुरू केलं. दाबून दाबून ओरडायला लावलं. प्लग बघितले, ठिणगी बघितली, दोन्ही कार्बुरेटर उतरवून फुंकर मारली. काही नाही. इंजिन घड्याळासारखं.

"हितं काय कळतंय," हवालदार दारातून म्हणाला. "जाग्यावर वराडतंय ते वझ्याबिगर. रस्त्याला काढा. पन्नासच्या म्होरं न्या."

मी रस्त्याला काढली. बाजाराचा दिवस होता. चाळीसपर्यंत कशीबशी नेली, दोन हातगाड्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि परत आणली. आता खरं सांगायचं तर आणखी लांब, मिरजेच्या रस्त्याला नेता आली असती. पण हे इंजिन मी वाढवलेलं. त्यात दोष आहे म्हणणं म्हणजे माझ्यात दोष आहे म्हणणं, आणि ते म्हणायला कुठल्याही मिस्त्रीची जीभ सहसा वळत नाही. मी फडक्याला हात पुसले आणि छाती काढून म्हणालो, "इंजिनात दोष नाही, मालक."

अण्णासाहेबांनी मान हलवली. हवालदाराकडे न बघता म्हणाले, "किल्ली ठेव."

हवालदारानं किल्ली त्यांच्या हातात दिली नाही. माझ्या कामाच्या टेबलावर ठेवली. खांद्यावरच्या टॉवेलनं स्टीअरिंग एकदा पुसलं आणि निघून गेला.

यात त्याचं काय गेलं ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. त्या वेळी सातारा-सांगलीत खाजगी मोटारी मोजक्या, मालक सगळे एकमेकांच्या लग्नाकार्यात पंक्तीला बसणारे. मालकाच्या आईला उसात घातलं आणि वर खोटं बोलला, हे एकदा झालं की त्या माणसाच्या हातात परत कुणी स्टीअरिंग देणार नव्हतं. आणि खोटं बोलला यावर शिक्का माझा होता.

अण्णासाहेबांना दुसरा ड्रायव्हर लगेच मिळेना. गिरणीच्या एका यंत्राचा तुटलेला गिअर साताऱ्यात ओतून घ्यायला दिला होता, तो आणायला त्यांनी मलाच गाडी घेऊन पाठवलं. मी एकटाच निघालो. सकाळची वेळ, हवा गार, आणि आपण वाढवलेली गाडी आपल्या हातात. कऱ्हाडच्या पुढं रस्ता मोकळा दिसला आणि मी काटा पन्नासच्या पार नेला. असाच काही वेळ गेला. पुढं वैरणीच्या बैलगाड्यांची रांग लागली. मी बाहेर काढली. समोरून ट्रक येत होता, पण लांब होता.

तिसऱ्या गाडीशी आलो आणि पायाखालचं इंजिन उचकलं.

आधी वाटलं आपलाच पाय घसरला. मी आणखी दाबलं. परत उचकी, आणि मग काहीच नाही. पेडल तळाला लागलंय आणि गाडी कुणी मागून धरून ठेवल्यासारखी. समोरच्या ट्रकचा भोंगा वाजायला लागला तो थांबेना. डावीकडे बैल. उजवीकडे वडाची झाडं. हवालदाराला ऊस तरी मिळाला होता. मी कुठल्या देवाचं नाव घेतलं आठवत नाही, एका गाडीवानानं बैल बाजूला ओढले, त्या फटीत मी गाडी घातली, आणि ट्रक माझ्या कोपराला वारा घालत गेला. बैलाच्या शिंगानं हेडलाइटची काच फुटली.

गाडीवान खाली उतरला. माझ्या तोंडाकडे बघून त्यानं शिवी गिळली आणि विचारलं, "दवाखान्यात न्यायचं का तुमास्नी?"

मी नको म्हटलं. सवयीनं मागं गेलो, टोपण उघडलं, फुस्स झालं, काठी घातली. पेट्रोल भरपूर. चावी फिरवली, गाडी सुरू. पंचावन्नला नेली, मक्खन. काही मैल मक्खन. मग परत उचकी.

आता वाचणाऱ्याच्या डोक्यात एव्हाना उजेड पडला असेल. माझ्या डोक्यात काय आलं, तर कार्बुरेटर. आम्ही जे जे अकलेनं केलं होतं त्याच्यावरच माझा संशय. एवढं मात्र कळलं होतं, की हवालदार खोटं बोलला नव्हता. साताऱ्याचा रस्ता सोडून मी हळूहळू उंब्रजात शिरलो.

हवालदार मळ्यात भावाची मोट हाकत होता. बैल मागं सारायचे, मोट विहिरीत भरू द्यायची, मग धावेवरून पुढं हाकायचे. रणगाड्यांच्या मागनं ट्रक काढलेला माणूस बैलांना "हो रं, मागं सर" करत उभा होता. मला बघितलं, पण थांबला नाही.

"या मिस्त्री. इंजिनात दोष न्हाई न्हवं?"

"हवालदार, मलाही उचकी आली."

"पानी प्या."

धावेच्या कडेला मी तसाच उभा राहिलो. त्याची पाळी संपेपर्यंत त्यानं माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही. मग पाय धुतले, फेटा बांधला आणि म्हणाला, "कुठं आली?"

"कऱ्हाडच्या पुढं. पन्नासच्या वर. आधी बराच वेळ नीट चालली."

"माजी बी तशीच चालली व्हती." तो गाडीकडे आला. फुटकी काच बघितली. "ह्याचं बिल कुणाच्या नावावर फाडणार?"

मी दांडीत अडकलेला काचेचा तुकडा ओढून काढला.

"पल्टणीत असं झालं की आमी येक करायचो," तो म्हणाला. "येकानं चालवायची आन् येकानं इंजानात तोंड घालून बसायचं. चालती असताना काय हुतंय ते चालतीतच दिसतंय. चालवतो मी."

म्हणजे तोंड कुणी घालायचं ते ठरलंच होतं. आम्ही बॉनेटचा डावा पल्ला काढून ठेवला. मी डाव्या मडगार्डवर पालथा झोपलो, आणि हवालदारानं डोक्यावरचा फेटा सोडून मला हेडलाइटच्या दांडीला आणि पुढच्या काचेच्या चौकटीला आवळून बांधलं. माझ्या नाकाखाली पेट्रोलचा पंप होता. पंप टाकीतलं पेट्रोल ओढून पुढं कार्बुरेटरला देतो, आणि त्याच्या डोक्यावर काचेची एक वाटी असते, कचरा खाली बसावा म्हणून. तिच्यातलं पेट्रोल बाहेरून दिसतं. ती भरलेली दिसली तर कार्बुरेटर दोषी, रिकामी दिसली तर कार्बुरेटर निर्दोष. इतकं साधं.

"सुटलासा तर वराडा," हवालदार म्हणाला.

"सुटलो तर ओरडायला कुठं असेन?"

त्यानं गाडी सोडली. तीसला मजा वाटली. चाळीसला डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उघड्या इंजिनाची आग एका गालाला, वारा दुसऱ्या गालाला, खाली हातभर अंतरावर रस्ता पाटाच्या पाण्यासारखा पळतोय. एक खड्डा आला आणि फेट्याची गाठ करकरली. वाटी भरलेली. पन्नास झाले असावेत, आवाजावरून ओळखलं. वाटी भरलेलीच. हवालदार तसाच धरून होता. मला वाटायला लागलं की आज ही उचकी देणार नाही, आणि एवढं करून परत आम्हीच खोटे.

मग वाटीत एक बुडबुडा दिसला. त्यामागून दोन. आणि बशीतला चहा कुणी फुर्रकन ओढावा तसं सगळं पेट्रोल खाली गेलं. वाटी कोरडी. त्याच क्षणी इंजिन उचकलं आणि मी पुढं फेकला गेलो. फेट्यानं मला धरलं. मी बॉनेटवर मुठी आपटायला लागलो, पण समोर रस्त्यावर शेरडांचा कळप होता आणि हवालदार भोंगा वाजवत, मेलेल्या इंजिनाची गाडी नुसत्या हातानं वळवत होता. एक शेळी माझ्या तोंडापासून इतक्या जवळून गेली की तिचा वास आला. गाडी कडेला थांबली.

"पेट्रोल येत नाही," मी बांधलेल्या अवस्थेतच ओरडलो. "वाटी रिकामी."

त्यानं मला सोडवलं. फेटा खांद्यावर टाकून तो माझ्यामागं टाकीशी आला, टोक लोंबत होतं. मी नेहमीप्रमाणे काठी घेतली आणि टोपणाला हात घातला. अर्धा फेरा फिरवला, फुस्स झालं, आणि फेट्याचं लोंबणारं टोक टोपणाच्या कडेला जाऊन चिकटलं.

आम्ही दोघंही वाकून बघत राहिलो. टोक आत ओढलं जात होतं. मी ज्या फुस्सची शेखी मिरवली होती, ती हवा टाकीतून बाहेर येत नव्हती. आत शिरत होती.

ज्याच्या घरी गोडेतेलाचा डबा आहे त्याला हे समजावून सांगायला नको. डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गटक गटक करत पडतं आणि मग थांबतं. दुसरं भोक पाडावं लागतं, हवा आत जायला. विलायती टोपणाला सुईएवढं भोक असतं ते यासाठीच. आमच्या तांबटानं पाणी न सांडणारा तांब्या केला होता, आणि उत्तम केला होता. आट्यांतून किंचित हवा जायची, ती हळू चालताना पुरायची. पन्नासच्या पुढं इंजिन पेट्रोल भराभरा प्यायला लागलं की टाकीत हवा पुरेना, टाकी पंपाशी ओढाताण करायची आणि जिंकायची. मग आम्ही थांबून काय करायचो, तर पेट्रोल मोजायला टोपण उघडायचो. दर वेळी रोग शोधायच्या आधी मीच तो बरा करून ठेवत होतो.

हवालदारानं फेटा सोडवून घेतला. "ह्ये टोपण कुणी केलं?"

"तांबटानं."

"करून कुणी घेतलं?"

रस्त्यावरून शेरडांमागचा धनगर आम्हाला शिव्या देत चालला होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

खिशात खिळा होता. मी टोपण दगडावर ठेवून भोक पाडायला लागलो, तर हवालदारानं ते काढून घेतलं आणि परत टाकीवर घट्ट फिरवलं. "आत्ता पाडलंसा तर मालकांस्नी काय दावणार? भोक? तसंच ऱ्हाऊ द्या. त्यास्नी बसवून दावायचं."

माधवनगरला पोचलो तेव्हा अण्णासाहेब ओसरीवर होते. शेजारी अव्वा, हात झोळीत. अण्णासाहेबांनी हवालदाराला बघितलं, फुटकी काच बघितली, आणि मला विचारलं, "गिअर कुठाय?"

गिअर मी साफ विसरलो होतो. मग सगळं सांगितलं. तांब्या, टोपण, फुस्स, वाटी. सांगताना माझंच मला इतकं खुळ्यासारखं वाटत होतं, की अण्णासाहेबांना खरं वाटणार नाही याची खात्री झाली.

"तेव्हा म्हणालात दोष नाही. आज म्हणता टोपणात दोष. उद्या काय म्हणाल?"

"उद्याचं कशाला," हवालदार म्हणाला. "आत्ता चला."

अण्णासाहेब जागचे हलेनात. तेव्हा अव्वा म्हणाल्या, "जा की रं. माझा हात मोडून घेतलास, आता तुझी टोपी उडाली तर काय हुतंय? गाडी उचकली व्हती. मी सांगितलं तवा, म्हातारीला काय कळतंय म्हनलास."

अण्णासाहेब मागं बसले. मी पुढं. मिरजेच्या रस्त्याला हवालदारानं गाडी काढली. मधे एक बैलगाडी लागली, तिच्यामागं तो मुकाट हळू झाला, ती वळून जाईपर्यंत. रस्ता नजर जाईल तिथपर्यंत रिकामा झाल्यावरच त्यानं काटा पन्नासच्या वर नेला आणि तिथं धरला. मला आता एकच धास्ती, आजच त्या आट्या जरा सैल बसल्या असल्या तर?

"मालक," हवालदार मागं न बघता म्हणाला, "हितनं म्होरं कवाबी. कठडा धरा."

मैलभर काही नाही. मग उचकी आली. गाडीनं तीनदा मान टाकली, अण्णासाहेब पुढच्या सीटवर आपटले, टोपी खरंच उडाली, आणि इंजिन गप्प झालं. हवालदारानं गाडी अलगद कडेला लावली. हात स्टीअरिंगवर ठेवून बसून राहिला.

अण्णासाहेब उतरले. टोपी आणायला गेले नाहीत. टाकीशी जाऊन स्वतः टोपण फिरवलं. फुस्स झालं. ते टोपण त्यांनी उलटंपालटं करून बघितलं. मग माझ्या हातात दिलं. मी दगडावर ठेवून खिळा ठोकला. इतकं सुंदर पितळ, एका खिळ्यात भोसकलं.

परत येताना हवालदारानं साठला नेली. इंजिन गात होतं. माधवनगरच्या अलीकडे अण्णासाहेबांनी थांब म्हटलं. मागून उतरून ते पुढच्या दाराशी आले.

"हवालदार, किल्ली तुझ्याकडंच राहू दे," ते म्हणाले, आणि मला उठायची खूण करून पुढं बसायला लागले. मालक ड्रायव्हरच्या शेजारी बसतो हे त्या काळात कुणी पाहिलं नव्हतं. त्यांना क्षमा मागता येत नव्हती, हे मला दिसत होतं.

हवालदारालाही दिसलं असावं. "मागं बसा मालक," तो म्हणाला. "म्होरं बसलासा तर लोक म्हणतील, ड्रायव्हरवर नजर ठिवायला बसल्यात."

अण्णासाहेब मागं बसले. त्यांना घरी उतरवून हवालदार मला गॅरेजवर सोडायला आला. शेवटी मलाच राहवेना. गॅरेजच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा मी म्हटलं, "काही म्हणा हवालदार, मालकांनी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायला पाहिजे होता."

"मालकांस्नी इंजानातलं काय कळतंय," तो म्हणाला. "त्यांनी जाणत्या मानसाला इचारलं."

आणि माझ्या अंगावरून हात घालून त्यानं माझ्या बाजूचं दार उघडलं.